हवेला वाट हवी: इंजिन बदललेल्या गाडीचा रेडिएटर

माझदा मियाटा ही दोन माणसांची छोटी उघडी गाडी 1989 मध्ये अमेरिकेत विकायला आली. इंजिन 1.6 लिटरचं, ताकद 116 अश्वशक्ती. तिकडचे हौशी लोक हे इंजिन उतरवतात आणि त्या जागी जनरल मोटर्सचं एलएस1 हे व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन बसवतात. 1997 च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीत ते पहिल्यांदा आलं: 5.7 लिटर, 345 अश्वशक्ती. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, अॅल्युमिनियमचा आणि बांधणी आटोपशीर, त्यामुळे ते एवढ्याशा बॉनेटखाली मावतंही. मग पुढच्या जाळीमागे उरलेल्या जागेत कोणता रेडिएटर, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी हवेने थंड करणारा भाग, बसवायचा, हा प्रश्न उभा राहतो.

‘इंजिन तिप्पट, म्हणून रेडिएटर तिप्पट’ हा पहिला विचार चुकीचा आहे. उष्णता इंजिनाच्या लिटरवर ठरत नाही, त्या क्षणी जळणाऱ्या पेट्रोलवर ठरते. हलकी गाडी सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरने पळवायला साधारण 15 किलोवॅट पुरतात, मग इंजिन कोणतंही असो. ढोबळ हिशेबाने जवळपास तेवढीच उष्णता कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवायला फिरणाऱ्या पाण्यात, उतरते. घरातला गीझर 2 किलोवॅटचा धरला, तर हे सात-आठ गीझर झाले. एलएस1 पूर्ण ताकदीने चालवलं की हाच आकडा शंभर गीझरांच्या आसपास जातो. पण साध्या रस्त्यावर असं काही सेकंदच घडतं, तर रेस ट्रॅकवर पुन्हा पुन्हा आणि लांबवर. म्हणून रेडिएटर निवडण्याआधी ‘गाडी कुठे चालवणार?’ हे स्वतःला अगदी प्रामाणिकपणे विचारावं.

ही उष्णता शेवटी न्यायची हवेला, आणि खरी अडचण तिथेच आहे. 1 लिटर पाणी 1 अंशाने थंड करायचं, तर सुमारे 3,500 लिटर हवा 1 अंशाने तापावी लागते. पाणी उष्णता धरण्यात एवढं पुढे आहे की पाण्याची बाजू सहसा कमी पडत नाही. कमी पडते ती हवा. रेडिएटरच्या नळ्यांना चिकटलेल्या पातळ पट्ट्यांवर, म्हणजे फिनांवर, बारीक चिरा पाडलेल्या असतात त्या याच कारणासाठी. पृष्ठभागाला चिकटून बसलेला हवेचा थर त्या मोडतात.

म्हणूनच आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, रेडिएटर घेताना मी जाडीपेक्षा लांबी-रुंदी आधी बघतो. कोअर म्हणजे नळ्या आणि फिनांचा गाभा. जाड कोअरच्या मागच्या भागाला पुढच्या भागाने आधीच तापवलेली हवा मिळते, म्हणून जाडी दुप्पट केली तरी थंडावा दुप्पट होत नाही. वर हवेला अडथळा वाढतो तो वेगळाच. जागेत मावेल तेवढा मोठा चेहरा आणि बेताची जाडी, हे माझं ठाम मत आहे.

धातूबद्दलही एक गैरसमज आहे. तांब्यातून उष्णता अॅल्युमिनियमपेक्षा चांगली वाहते, मग अॅल्युमिनियम का? कारण अॅल्युमिनियमच्या नळ्या एक इंच किंवा त्याहून रुंद करता येतात. तेवढ्या रुंद नळीला फिन जास्त लांबीने चिकटते आणि हवेला अडवणारी नळ्यांची गर्दी कमी होते. शिवाय वजन कमी. मात्र कूलंट जुनं झालं की अॅल्युमिनियम गंजतं, तेव्हा कूलंट वेळेवर बदलावं.

‘थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी थंड राहील’ किंवा ‘पाणी हळू फिरलं तर थंड व्हायला वेळ मिळतो’ हे सल्ले मनापासून दिले जातात, पण ते खरे नाहीत. पाणी जितकं वेगाने फिरेल, तितका कोअर सगळीकडे सारखा गरम राहतो आणि हवेला जास्त उष्णता देतो. थर्मोस्टॅटचं काम इंजिनाला योग्य तापमानावर आणून तिथे ठेवण्याचं आहे, त्याला हात लावू नये. रेडिएटरचं जास्त दाबाचं झाकणही गाडी थंड करत नाही. दर 1 पीएसआय (दाबाचं एकक) दाबामागे कूलंटचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर सरकतो, एवढाच त्याचा फायदा. तोही मोलाचा आहे, कारण सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, वाफेचे बुडबुडे झाले की तिथल्या धातूला पाणी शिवत नाही. एलएस1 इंजिनाला हेडमधली वाफ बाहेर काढणारी एक बारीक नळी असते. ती रेडिएटरच्या वरच्या भागाला किंवा कूलंटच्या टाकीला जोडायची सोय आहे का, हे खरेदीआधीच तपासावं.

पंख्याच्या मागे लागताना लोक श्राउड विसरतात. श्राउड म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण. ते नसेल तर पंखा फक्त आपल्या वर्तुळापुरती हवा ओढतो आणि कोअरच्या कोपऱ्यांना हवा मिळत नाही. तसंच रेडिएटरच्या कडेच्या फटी फोम किंवा पत्र्याने बुजवाव्यात. हवेला बाजूने सोपी वाट मिळाली, तर ती फिनांमधून कशाला जाईल?

नवा रेडिएटर बसवूनही तापमानाचा काटा वर चढला, तर कधी चढतो ते बघावं. सिग्नलला चढून रस्ता मोकळा होताच उतरत असेल, तर दोष पंख्याचा किंवा श्राउडचा. हायवेवर किंवा चढावर चढत असेल, तर कोअर अपुरा आहे, नाहीतर रेडिएटरमधून बॉनेटखाली शिरलेली हवा बाहेर पडत नाही. मियाटाच्या बॉनेटखाली व्ही8 बसल्यावर मोकळी जागा फारशी उरत नाही, म्हणून आणखी मोठा रेडिएटर मागवण्याआधी बॉनेटला झरोके पाडून बघावेत.