कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ : आप्तस्वकीयांच्या नाशाला त्यांच्यातलाच माणूस कारणीभूत होतो, या अर्थाची मराठी म्हण. गोव्यात ती मराठीत आणि ‘कुराडीचो दांडो गोताक काळ’ अशी कोंकणीतही बोलली जाते.

म्हणीतले चित्र लाकूडतोडीचे आहे. कुऱ्हाडीच्या पात्याला आरपार भोक असते, त्याला नेढे म्हणतात. नेढ्यात दांडा बसवून तो सैल पडू नये म्हणून टोकाला पाचर ठोकतात. पातेच तेवढे लोखंडाचे, दांडा झाडाच्याच लाकडाचा, आणि दांड्यावाचून ते हाती धरून घाव घालता येत नाही. गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या रानवट भागांत डोंगरउतारावरची झाडी तोडून, जाळून नाचणी-वरी पिकवण्याची कुमेरी पद्धत होती. तिथे हे चित्र कोणाला समजावून सांगावे लागले नसावे.

उगम : म्हणीचा काळ निश्चितपणे सांगता येत नाही. आशय मात्र पश्चिम आशियात व ग्रीक परंपरेत फार जुना आहे. अहीकार या शहाण्या मंत्र्याच्या प्राचीन कथेच्या सिरियाक (पश्चिम आशियातील एक जुनी भाषा) पाठात झाड आपल्याला तोडणाऱ्यांना म्हणते, की तुमच्या हातात माझेच काही नसते तर तुम्ही माझ्यावर तुटून पडला नसता. इसापाच्या नावावरच्या एका ग्रीक कथेत ओक वृक्ष झ्यूसकडे गाऱ्हाणे नेतात आणि ‘दांडे तुम्हीच पुरवता’ असे त्यांना ऐकावे लागते. बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या सन्हेद्रिन प्रकरणात ‘रानावरची कुऱ्हाड रानातूनच येते’ अशा अर्थाची लोकोक्ती आहे आणि तीही कुळाच्याच संदर्भात : मवाब देशातल्या रूथच्या वंशातील दावीद राजा त्याच मवाबावर चालून गेला, तिथे ती योजली आहे.

यावरून मराठी म्हण इसापकथेतून आली असावी, असा तर्क करता येतो. पण मराठीत इसाप छापील रूपाने आला तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तंजावरला. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता खरा, तथापि त्यातून मुख्यतः ख्रिस्ती धर्मविषयक पुस्तके निघाली. तोंडी प्रसाराची शक्यता अर्थातच उरते. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. ग्रीक कथेत बोल झाडांना लागतो. दांडा पुरवण्याचा मूर्खपणा त्यांचा. मराठी म्हणीत रान निर्दोष आहे, पाते आणि तोडणारा यांचा उल्लेखही नाही, सगळा दोष एकट्या दांड्याचा. कथा उसनी घेतली असती तर तिचा रोख असा उलटला नसता. लाकडी दांड्याची कुऱ्हाड जिथे जिथे वापरात होती तिथे ही कल्पना आपोआप सुचण्याजोगी आहे, म्हणून स्वतंत्र उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते.

गोत : शब्द ‘गोत्र’पासून आला असला तरी व्यवहारात तो केवळ रक्ताच्या नात्यापुरता नव्हता. शिवकाळात व पेशवाईत वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत. तिच्यात गावचे वतनदार व बलुतेदारही बसत आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निवाडपत्र, होई. गोव्यातील गावकरी या ग्रामसंस्थेची घडण वेगळी. तिथे गावाची सामाईक जमीन व कारभार मूळ गावकऱ्यांच्या वांगडांकडे, म्हणजे पुरुषवंशाने चालत आलेल्या कुळांकडे असे. या रिवाजांची नोंद आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या १५२६ च्या फोरालात, म्हणजे रिवाजांच्या सनदेत, मिळते. अशा गावात एका माणसाची फितुरी भावकीपुरती राहत नाही. तिची झळ साऱ्या वांगडाला लागते.

वापर : आज ही म्हण विशेषतः घरजमिनीच्या तंट्यांत शोभते आणि त्याला गोव्यातील कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमांनुसार मिळकतीचा अर्धा हिस्सा मुलांसाठी राखीव असतो आणि इतर मुलांच्या संमतीविना आईबापांना एका मुलाला मालमत्ता विकता येत नाही. वारसांची वाटणी इन्व्हेंतार, म्हणजे मृताच्या मिळकतीची यादी करून वाटप करण्याच्या, प्रक्रियेने होते. तिची तरतूद आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आहे. वाटणीआधी अख्खी मिळकत विकायची तर सह्या सगळ्यांच्या लागतात. त्यामुळे बाहेरच्या गिऱ्हाइकाशी आधीच बोलणी करून बसलेला भाऊ सापडला, की ‘दांडा’ कोण, हे घरात वेगळे विचारावे लागत नाही.

म्हण नेहमी गोताच्या बाजूने बोलते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. गोत चुकत असेल तर काय, याचा विचार तिच्यात नाही. बिभीषणाने भावाची बाजू सोडली; परंपरेने त्याला रामभक्त म्हणून मान दिला आणि बोलीभाषेने घरभेदी म्हणूनही त्याचेच नाव घेतले. बहिणीचा हिस्सा बुडवला जात असताना खरी साक्ष देणाऱ्या भावालाही हीच म्हण ऐकवतात, आणि तो वापर अन्यायाचा आहे.