रॅपअराउंड मिलवॉकी

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी काउंटीने १९९५ मध्ये सुरू केलेली सेवायोजना. गंभीर भावनिक व मानसिक अडचणी असलेल्या, आणि त्यामुळे निवासी उपचार केंद्रात, मनोरुग्णालयात किंवा सुधारगृहात धाडले जाण्याच्या बेतात असलेल्या मुलामुलींसाठी ती आहे. त्यांतील पुष्कळ जण बालन्यायालयाच्या आदेशाने येतात; काहींवर चोरी किंवा मारामारीचा, काहींवर लैंगिक गुन्ह्याचाही ठपका असतो. अशा मुलाला शक्यतो त्याच्या घरीच, आपल्या माणसांत ठेवायचे आणि लागेल ती मदत तिथे पोहोचवायची, अशी ही पद्धत.

त्याआधीची व्यवस्था वाईट हेतूने उभारलेली नव्हती. तिचे तुकडे झालेले होते, हा तिचा दोष. एकाच मुलाची एक फाइल बालकल्याण खात्याकडे, दुसरी न्यायालयाच्या वतीने मुलावर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याकडे, तिसरी शाळेकडे, चौथी मानसोपचारतज्ज्ञाकडे. प्रत्येकाचा निधी वेगळा, नियम वेगळे. अवघड मूल दुसऱ्या खात्याच्या गळ्यात पडले की पहिल्या खात्याचा खर्च वाचे. आईने मात्र कामावर खाडा करून चारही दारे झिजवायची. कुणालाच झेपेनासे झाले की निवासी केंद्राचा रस्ता सोपा वाटे. तिथे मूल महिनोन्‌महिने राही आणि परत येई ते त्याच घरात, त्याच गल्लीत. मधल्या काळात घरासाठी कुणी काही केलेले नसे.

या विचाराची मुळे मिलवॉकीच्या आधीची आहेत. शिकागोत कार्ल डेनिस यांच्या ‘कॅलिडोस्कोप’ या संस्थेने १९७० च्या दशकातच ‘कोणत्याही मुलाला नाकारायचे नाही, अर्ध्यावर सोडायचे नाही’ हे तत्त्व धरले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अलास्काने दूरच्या राज्यांतील संस्थांत पाठवलेल्या आपल्या मुलांना याच मार्गाने परत आणायला सुरुवात केली. मिलवॉकीला १९९४ मध्ये केंद्र सरकारकडून सहा वर्षांसाठी दीड कोटी डॉलरचे अनुदान मिळाले. ब्रूस कॅमराट हे योजनेचे पहिले संचालक. पहिली कसोटी त्यांनी मुद्दाम कठीण निवडली. निवासी केंद्रांतील, सुटकेचा कसलाही बेत नसलेली २५ मुले घेतली. ९० दिवसांच्या आत त्यांतील १७ मुले आईवडिलांकडे, नातेवाइकांकडे किंवा सांभाळ करायला तयार झालेल्या दुसऱ्या एखाद्या कुटुंबात राहायला गेली.

कामाचा कणा म्हणजे सेवा-समन्वयक. तो काउंटीने करार केलेल्या स्थानिक संस्थेचा कार्यकर्ता असतो आणि त्याच्याकडे साधारण आठच कुटुंबे असतात. हा आकडा किरकोळ वाटेल, पण सारी योजना त्यावर उभी आहे. तीसचाळीस प्रकरणे हाती असलेला माणूस फार तर कागद पुढे सरकवू शकतो. आठ कुटुंबांचा माणूस घरी जाऊन बसू शकतो, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलू शकतो, तारखेला न्यायालयात हजर राहू शकतो. तो कुटुंबासह एक गट जमवतो. त्यात मूल, आईवडील, परिविक्षा अधिकारी, शिक्षक हे तर येतातच. शिवाय मावशी, शेजारी, खेळाचा प्रशिक्षक, चर्चमधला ओळखीचा माणूस अशी कुटुंबाने सांगितलेली माणसे येतात. कुणाला बोलवायचे हे घरचे ठरवतात.

गटाच्या बैठकीची सुरुवात गुन्ह्यापासून होत नाही. मुलाला काय चांगले जमते, घरात कोण खंबीर आहे, आजवर कशाने निभावले, याची आधी नोंद होते. मग घर, शाळा, सुरक्षितता, कायदेशीर बाजू, आरोग्य, मित्रमंडळी अशा एकेका अंगाची गरज ठरवून आराखडा होतो. ठरावीक काळाने तो तपासला जातो आणि न चालणारी गोष्ट बदलली जाते. न्यायाधीशांपुढेही हाच आराखडा जातो. त्यामुळे न्यायालयाची एक अट, शाळेची दुसरी आणि डॉक्टरांची तिसरी अशी ओढाताण थांबते.

योजनेच्या पहिल्या पाच वर्षांतच करारबद्ध सेवांचे ६० हून अधिक प्रकार झाले होते. समुपदेशन, व्यसनमुक्ती उपचार त्यांत होतेच. त्यासोबत शिकवणी, मुलाबरोबर वेळ घालवणारा मार्गदर्शक, ये-जा करायला वाहन, थकलेल्या पालकांना काही दिवसांची उसंत याही सेवा मिळत. रात्री-अपरात्री घरात भडका उडाला तर फिरते तातडीचे पथक चोवीस तास उपलब्ध असते. या पथकाच्या पाहणीनंतरच मुलाला मनोरुग्णालयात दाखल करायचे का हे ठरते. पालकांची बाजू मांडायला ‘फॅमिलीज युनायटेड’ ही पालकांचीच संघटना योजनेसोबत उभी राहिली.

तरीही मिलवॉकीचे खरे वेगळेपण पैशाच्या मांडणीत आहे. बालकल्याण खाते, बालन्याय विभाग आणि गरिबांसाठीची ‘मेडिकेड’ ही सरकारी आरोग्य योजना यांनी दर मुलामागे दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि ती एकाच गंगाजळीत जमा व्हायची. त्यातूनच सगळा खर्च, निवासी केंद्राचासुद्धा. मुलाला दुसऱ्या खात्याकडे ढकलून पैसे वाचवण्याची सोयच उरली नाही. महागड्या केंद्रातला मुक्काम आटोक्यात राहिला की वाचलेली रक्कम आणखी मुलांच्या कामी येऊ लागली. समन्वयाच्या सभा जगभर होतात, आवाहनेही होतात. इथे तिजोरी एक झाली म्हणून समन्वय झाला.

२००० पर्यंत निवासी केंद्रांतील मुलांची रोजची सरासरी संख्या ३६४ वरून १४० च्या खाली आली, तर मनोरुग्णालयातील वास्तव्य ८० टक्क्यांनी घटले. दर मुलामागचा मासिक खर्च ५,००० डॉलरहून अधिक होता, तो ३,३०० डॉलरच्या आत आला. २००३ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या मानसिक आरोग्य आयोगाने या योजनेचा आदर्श म्हणून उल्लेख केला आणि २००९ मध्ये तिला हार्वर्ड विद्यापीठाचा प्रशासकीय नवोपक्रम पुरस्कार मिळाला.

हे आकडे आधीच्या व नंतरच्या स्थितीची तुलना करतात. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडून केलेल्या चाचणीइतके त्यांचे वजन नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वॉशिंग्टन राज्यातील क्लार्क काउंटीत बालन्यायातल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात अशा सेवेनंतर पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी आढळले. तिथेही तुलना पूर्वीच्या मुलांशी होती. शिवाय योजनेचे नाव घ्यायचे आणि समन्वयकाच्या माथी कितीही कुटुंबे मारायची, असे केल्यास हाती काही लागत नाही. योजनेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न तर मिलवॉकीतच उभा राहिला. तिथली अनेक मुले, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, राज्याच्या उत्तरेकडील लिंकन हिल्स या दूरच्या सुधारगृहात जात राहिली. तिथल्या गैरवर्तनाच्या तक्रारींनंतर ते बंद करण्याचा कायदा २०१८ मध्ये झाला, पण ठरलेली २०२१ ची मुदत पाळली गेली नाही.

भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्याने विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा ठपका असलेल्या, बालकाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल आणि प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा या तरतुदी मिलवॉकीच्या विचाराशी जवळचे नाते सांगतात. महाराष्ट्रात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून बाल न्याय मंडळांच्या आवारात मदतकक्ष चालले आणि भांबावलेल्या पालकांना प्रक्रिया समजावून सांगणारे कुणीतरी मिळाले. मात्र निरनिराळ्या खात्यांचा पैसा एकेका मुलाच्या आराखड्यामागे एकत्र आणण्याची तरतूद या कायद्यात नाही.