हातभार आणि भार

दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या दोन मुली माझ्या नववीच्या वर्गात होत्या. दोघीही घरी स्वयंपाक, धुणंभांडी करायच्या. कामं मोजली असती तर पहिलीचीच जास्त भरली असती. तरी पहिली हातभार लावत होती आणि दुसरीच्या अंगावर भार होता.

पहिलीची आई धडधाकट. परीक्षा जवळ आली की म्हणायची, "बस तू अभ्यासाला, मी बघते." दुसरीला असं म्हणणारं घरात कोणी नव्हतं. वडील वारलेले, आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. एकदा मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा मुलगी नर्सला सांगत होती, "ताई, आईच्या डाव्या हाताला बीपी लावू नका, तिथं फिस्टुला आहे." फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी. घरी प्लास्टिकच्या बाटलीवर तिनं पेनानं रेघा मारल्या होत्या: सकाळी इथपर्यंत, संध्याकाळी इथपर्यंत. डायलिसिसवरच्या माणसाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. तहानलेल्या आईला "आता नको" म्हणायचं काम चौदा वर्षांच्या पोरीकडे आलं होतं.

हातभाराचं काम हातावेगळं होतं. भारात काम संपलं तरी जीव तिकडेच अडकलेला असतो. म्हणून "घरी काय काय करतेस?" असं विचारून काही कळत नाही. मी आता विचारते, "दोन दिवस सहलीला गेलीस तर घरचं कोण बघेल?" पहिली पटकन "आई" म्हणाली होती. दुसरी वहीकडे बघत राहिली.

त्याआधी कित्येक दिवस मी तिला उशिरा येण्यावरून बोलत होते. ते अजून सलतं.

अशा मुलांना आपण श्रावणबाळ म्हणतो. मनापासूनच म्हणतो, पण एकदा श्रावणबाळ ठरलं की "मी दमलेय" म्हणायची त्या लेकराला चोरी होते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानं अशा मुलांना काय मदत लागते हे तपासणं स्थानिक प्रशासनाची जबाबदारी ठरवली. आपल्याकडे ही नजर शाळेला आणि शेजाऱ्यांनाच ठेवावी लागते.

हातभार लावणाऱ्या मुलीला शाबासकी पुरते. भार असलेल्या मुलीचं थोडं काम दुसऱ्या कुणीतरी खरोखर उचलावं लागतं. पैशासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. पालकाच्या गंभीर आजारासारख्या कारणांनी अडचणीत आलेल्या घरांतल्या अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. मुलांसाठी १०९८ आणि मनावरच्या ताणासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर फुकट लागतात. शाळेनं उशिराची सूट द्यावी, चौकशी मात्र चारचौघांत करू नये.

आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडल्या त्या शेजारच्या मावशी. आईसोबत डायलिसिसला मंगळवारी आणि शनिवारी मुलगी, गुरुवारी मावशी, असं ठरलं. पहिल्या गुरुवारी ती शेवटच्या तासापर्यंत थांबली, नंतर मैदानावर खो-खो खेळली. सकाळी मावशींच्या हातात तिनं एक चिठ्ठी दिली होती: डाव्या हाताला बीपी नको, पाणी दुसऱ्या रेघेपर्यंतच.