पुदिना वाळवा, कोथिंबीर मात्र नको

बाजारातून दोन्ही जुड्या एकाच पिशवीतून येतात, म्हणून आपण त्या एकाच पंचावर पसरतो. महिन्याभरानं पुदिन्याची बरणी उघडली की वास नाकात भरतो. कोथिंबिरीच्या बरणीत मात्र सुकं गवत! वाळवणारे हात तेच, पण दोन्ही पानांतलं सुगंधी तेल फार वेगळं.

पुदिन्याचं पान उलटं करून भिंगाखाली धरा. बारीक चमकते ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे पातळ पापुद्र्यात बांधलेली तेलाची इवलीशी पिशवी. पान सुकलं तरी यातल्या बऱ्याच पिशव्या शाबूत राहतात. आपल्या घरगुती पुदिन्याच्या वासाचा मुख्य घटक कार्व्होन, आणि तोही बऱ्यापैकी टिकणारा. आपलं काम एवढंच, की या पिशव्या फुटू द्यायच्या नाहीत. पुदिना कडक उन्हात टाकला की तेल उडतं, पानं काळवंडतात. त्यापेक्षा सावलीत, वारा खेळेल अशा जागी, 40 अंशांच्या आत वाळवावा. पानं अख्खी भरावीत आणि ताकात घालताना तळहातावर चुरावीत. कुंडीतला पुदिना असेल तर फुलोरा धरू लागताच कापा, सकाळी दव उडाल्यावर पण ऊन तापायच्या आत. तेव्हा त्यात तेल भरपूर असतं.

कोथिंबिरीचा ताजा वास डेकेनलसारख्या, आल्डिहाइड गटातल्या रसायनांचा. हे घटक हवेशी चटकन विक्रिया करतात. सकाळी चिरून ठेवलेली कोथिंबीर संध्याकाळी मचूळ लागते ती उगाच नाही. मग चार दिवस वाळवल्यावर काय उरणार? तिची कापणीही पुदिन्याच्या उलट, फुलाचा दांडा निघायच्या आधी. पानं शेपूसारखी बारीक झाली की चव गेलीच समजा. साठवायचीच असेल तर थोड्या तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. वाळवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पण दांडा निघालेलं रोप उपटू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्याची हिरवी बोंडं चुरडून पाहा, ढेकणासारखा उग्र वास येतो. तोही आल्डिहाइडांचाच. बोंडं पिकून वाळू लागली की तो ओसरतो आणि लिनालूल या सुगंधी घटकाचा गोडसर वास वर येतो. ज्या वाळण्यानं पान वाया जातं, त्याच वाळण्यानं धने तयार होतात.