कथाविस्तार

कथाविस्तार : मालिकेची मूळ कथा रोजच्या भागांत पसरवण्याचे काम व त्याबद्दलचे श्रेयनाम. मराठी मालिकांच्या श्रेयनामावलीत कथा, कथाविस्तार, पटकथा व संवाद ही नावे बऱ्याचदा वेगवेगळी येतात. कल्पकता, कारागिरी आणि धंदा यांचा मेळ लेखकाने एकट्याने घालायचा, ही समजूत चित्रपटावरून आलेली दिसते. मालिकेत हा मेळ या वेगवेगळ्या पदांमध्येच वाटलेला असतो.

‘कथाविस्तार’चा अर्थ उघड आहे, ‘पटकथा’चा तितका नाही. संस्कृत ‘पट’ म्हणजे वस्त्र, त्यावरून पडद्यावरची कथा, ही एक उपपत्ती. तिच्या बाजूने सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीचा दाखला देता येईल. तेथे ठाकर समाजातील कलावंत चित्रांची पोथी समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने लावतात. पण ती चित्रे कागदावरची असतात, त्यामुळे दाखला लंगडा पडतो. ‘रजतपट’ (रुपेरी पडदा) हा शब्द अधिक चांगला पुरावा ठरेल. दुसरी उपपत्ती अशी, की ‘चित्रपट’, ‘मूकपट’, ‘बोलपट’ या शब्दांतील उत्तरपद सुटे होऊन ‘पट’ म्हणजेच चित्रपट असा अर्थ रुळला. मराठी बोलपट १९३२ साली आला. संवाद लिहिण्याची गरज त्याच्यासोबतची, तेव्हा ‘पटकथा’ही साधारण त्यानंतर रूढ झाली असावी. बंगालीत याच अर्थी ‘चित्रनाट्य’ म्हणतात. तेथे पूर्वपद राहिले, आपल्याकडे उत्तरपद. यावरून दुसरी उपपत्ती जवळची वाटते.

मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. तेव्हाच्या तेरा भागांच्या साप्ताहिक मालिकेला वेगळ्या विस्तारकाची, म्हणजे कथाविस्तार करणाऱ्या लेखकाची, फारशी गरज नव्हती. १९९९-२००० च्या सुमारास खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि पुढे रोजच्या मालिकांनी हे पद पक्के केले.

ठाण्याचा घोडबंदर रस्ता हे या मालिकांच्या चित्रीकरणाचे एक मोठे केंद्र. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये स्टुडिओ आणि भाड्याचे बंगले. कथेची मर्यादा येथे सेट ठरवतो. दिवाणखाना, स्वयंपाकघर व देवघर कायम उभे असते. बाहेरचा प्रसंग लिहिला की खर्च वाढतो. म्हणून लग्न मोडल्याची बातमी मंगल कार्यालयात न कळता कुकरची शिट्टी होताना ओट्यापाशी कळते. कलावंत याच रस्त्यावरील गायमुखच्या वाहतूककोंडीत अडकला, तर समोरासमोरचे भांडण फोनवर घ्यावे लागते. संवाद तेच, फक्त ‘माझ्याकडे बघून बोल’ हे वाक्य जाते. (बदललेला प्रसंग कधीकधी अधिक चांगला वठतो, हेही नोंदवले पाहिजे.) नाटकात काम करणाऱ्या नटाचा रविवारी ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात प्रयोग असेल, तर त्याचे प्रसंग आधी उरकतात आणि घरातल्या त्या पात्राला परगावी धाडले जाते.

अर्ध्या तासाच्या भागात कथेला साधारण बावीस मिनिटे मिळतात. प्रत्येक जाहिरात-विश्रांतीआधी एक ‘हूक’, म्हणजे प्रेक्षकाला धरून ठेवणारा उत्सुकतेचा क्षण, लागतो. तयार भागांच्या साठ्याला ‘बँक’ म्हणतात. ती आटली की संवाद सेटवर पानापानाने पोहोचतात. २०१५ पासून ‘बार्क’ ही प्रेक्षकमापन करणारी संस्था प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे देते. आकडा पडला की आधी ‘ट्रॅक’ (कथेचा चालू धागा) बदलतो आणि त्याचा पहिला भार विस्तारकावर येतो, संवादलेखकावर नंतर.

श्रेयासोबत हक्काचाही प्रश्न येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार लेखकाला आपल्या लेखनाच्या चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनातील (रॉयल्टी) वाटा सोडून देता येत नाही.