मुंबई-लंडन : अंतर तेच, तास मात्र बदलत गेले

मुंबई ते लंडन सरळ उडत गेलं तर साधारण ७२०० किमी. हा आकडा काही बदललेला नाही, बदलले ते तास, आणि त्याचं श्रेय लोक सगळं विमानाच्या स्पीडला देतात ते मला अर्धंच पटतं.

आधी बोट होती. १८६९ ला सुएझ कालवा झाला म्हणून आफ्रिकेचा वळसा वाचला, तरी विलायतेला जायचं म्हणजे दोन-तीन आठवडे समुद्रातच. मग १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनं लंडन-कराची सर्व्हिस काढली, सात दिवस, आणि गंमत म्हणजे विमानाच्या या प्रवासात स्वित्झर्लंडमधलं बाझल ते इटलीतलं जिनोआ चक्क रेल्वे होती, पुढे भूमध्य समुद्र पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं. मुंबई त्यात नव्हतीच! १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा छोटंसं पस मॉथ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले तेव्हा आपण त्या लाईनला जोडलो गेलो, तेही टपालापुरते.

विमान न बदलता जायची खरी सुरुवात ८ जून १९४८ ची. एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस', लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं विमान, पॅसेंजर ३५, थांबे कैरो आणि जिनिव्हा. आता हिशोब बघा, या वळणानं अंतर होतं ७९०० किमीच्या आसपास, विमान ताशी ५०० किमी धरलं तर नुसते हवेतले सोळा तास, वर दोन्हीकडे उतरून पेट्रोल भरा ते वेगळंच. १९६० ला बोइंग ७०७ आलं आणि स्पीड एकदम ९०० च्या घरात. पण आजची विमानंही जवळपास तेवढ्याच स्पीडनं उडतात हो! ६० वर्षांत वाचले ते थांब्यांचे तास. १९६६ मध्ये होमी भाभा ज्या विमानात गेले ते 'कांचनजंगा' मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा करत लंडनला चाललं होतं, आल्प्समधल्या मों ब्लां शिखरावर आदळलं. एका टाकीत लंडन गाठणारी विमानं आली आणि मधली गावं सुटली.

आता तासांचा खेळ कुणाचं आकाश उघडं आहे यावर. २०१९ ला पाकिस्ताननं काही महिने हवाई हद्द बंद ठेवली, एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना परत बंद केली. दिल्लीवाल्यांना मोठा वळसा पडतो, मुंबईवाल्यांना तसा कमी कारण आपण समुद्रावरून निघू शकतो.

आणि तिकीट बघून गोंधळू नका, त्यावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, लंडन आपल्या साडेपाच तास मागे (उन्हाळ्यात साडेचार). जाताना साधारण दहा तास आणि येताना नऊ, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, येताना तो पाठीमागून ढकलतो.