दर्शनी भागातील कोरीव लाकूड: ग्राहकांसाठी माहिती

पुण्यातील शाळा, बँका आणि कार्यालयांच्या दर्शनी भागात वारल्यांच्या वाघदेवाची फळी, मेळघाटातील कोरकूंचा स्मृतिखांब किंवा जुन्या वाड्याचा खांब मांडलेला असेल, तर त्याची निगा राखण्याचे काम आमची कार्यशाळा करते. ‘जरा घासून, पॉलिश मारून चकचकीत करून द्या’ ही मागणी आमच्याकडे सर्वांत जास्त येते आणि बहुतेक वेळा आम्ही ती नाकारतो.

वाघदेवाची फळी जवळून पाहावी. वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र यांच्या उथळ खाचांत वर्षानुवर्षांचा शेंदूर साचून कडक झालेला असतो. पूजेत चढलेला हा शेंदूर म्हणजे मळ नव्हे. तो खरवडला की हाती नुसती फळी उरते. कोरकूंचा खांब मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ उघड्यावर उभा केला जातो, त्यामुळे ऊनपावसाने आलेला करडा रंग आणि उभ्या भेगा त्याला शोभतातच. त्या भेगांत पुट्टी भरू नये. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भरलेली पुट्टी मात्र जागची हलत नाही, आणि तिच्या दाबाने भेग आणखी फाकते.

याच कारणाने एसीच्या झोतासमोर किंवा ओल येणाऱ्या भिंतीला चिकटवून वस्तू ठेवू नये. रंग किंवा शेंदूर असलेल्या लाकडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश सतत नसावा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी. ओले फडके वापरू नये. खाली पिठासारखा भुसा दिसला तर तो झाडून काळा कागद अंथरावा आणि आठ दिवसांनी पाहावे. पुन्हा भुसा पडला असेल, तर कीड जिवंत आहे असे समजून आम्हाला कळवावे. रॉकेल मारू नये.

वाड्याचा खांब मुळात वजन पेलण्यासाठी घडवलेला असतो. १८०७ च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्यातील सुरूच्या आकाराचे खांब माथ्याला तुळईने बांधलेले आहेत; लॉबीत आणलेल्या सुट्या खांबाला तो आधार नसतो, म्हणून तो नुसता भिंतीला टेकवणे धोक्याचे आहे.

पाटीवर ‘आदिवासी कला’ एवढेच लिहू नये, समाज आणि गाव नोंदवावे. समाज ठरत नसेल तर क्वीन्स गार्डनमधील आदिवासी संग्रहालयातील वस्तू आधी पाहून याव्यात. आम्हाला छायाचित्रे पाठवताना मागची आणि बुडाची बाजूही पाठवावी, कारण कीड बहुधा तिथूनच शिरते.